हसाजीमामांची भिंत

माझ्या लग्नात ऐन वेळी हरकत घेतली ती हसाजीमामांनी.

साल बासष्ट. त्या दिवसांत कोकणातून इस्रायलला आलेल्या आमच्या बेने इस्रायल ज्यूंच्या लग्नांना तशाही वरून, बड्या रब्बींकडून, पुष्कळ हरकती येत होत्या. आई कोण, आजी कोण, आजीचं लग्न कुणी लावलं, असे आमचं ज्यूपण तपासणारे प्रश्न. अलिबागकडच्या पणजीचा दाखला लोदमध्ये बसून कुठून पैदा करायचा? ते सगळं निस्तरून मी आणि बेंजी एकदाचे चुप्प्याच्या चांदव्याखाली उभे राहिलो. लग्न लावणाऱ्या हज्जानने घसा साफ केला, द्राक्षरसाचा पेला उचलला, आणि मागून आवाज आला, "हरकत आहे!"

माझी आई मटकन खाली बसली. सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हसाजीमामा गर्दीतून शांतपणे पुढे आले आणि बोट दाखवत म्हणाले, "मागचा डावा खांब कललाय. पोरीच्या डोक्यात पडेल."

खांब खरंच कलला होता. तो धरणारे माझे दीर सारखे शिंकत होते. खांब सरळ झाला. मामांनी चष्म्यावरून पाहून घेतलं आणि हज्जानला मराठीत सांगितलं, "आता चालू द्या." हज्जान येमेनचा. त्याला काय कळलं देव जाणे, पण त्याने मुकाट्याने मान डोलावली आणि माझं लग्न लागलं.

हे हसाजीमामा माझे सख्खे मामा नव्हते. कुणाचेच नव्हते. एकटा जीव, म्हणून अख्ख्या वसाहतीचे मामा. मुंबईत एका गोदीच्या कचेरीत कारकुनी करून इथे आलेले. लोदच्या उन्हाळ्यात माणसं बनियनवर बसत, पण मामांच्या अंगातला काळा कोट सुटला नाही. इथे सरकारी वसाहतीला 'शिकून' म्हणतात. मामा म्हणत, "मॅट्रिकपर्यंत शिकून शेवटी कुठे आलो, तर शिकूनमध्ये!" हा विनोद ते नव्या माणसाला हमखास सांगत. समोरचा हिब्रू बोलणारा असला तर समजावूनही सांगत, आणि तो हसला नाही की त्याच्या अडाणीपणाबद्दल हळहळत.

हरकत घेणं हा त्यांचा श्वास होता. एलियाहू हन्नावी पैगंबराच्या मलिद्याच्या प्रसादाला बसले की पोहे जाड आहेत ही हरकत. बारशाला गेले की बाळाचं नाव दोन्ही आजोबांना उच्चारता येत नाही ही हरकत. दवाखान्यात डॉक्टरने गोळ्या दिल्या तर म्हणाले, "गोल आहेत. घरंगळतात. चपट्या द्या." डॉक्टरने खरंच चपट्या दिल्या. त्या कसल्या होत्या कुणास ठाऊक, पण मामांचा खोकला थांबला.

आम्ही दोघं इरियामध्ये, म्हणजे नगरपालिकेत, मालमत्ता खात्यात होतो. मी टायपिस्ट, मामा माझ्यासमोरच्या टेबलावर. मामांचं हिब्रू सगळं प्रार्थनेच्या पुस्तकातलं. शिपायाला खिडकी उघडायला सांगत तेव्हा ऐकणाऱ्याला वाटे, आता समुद्रच दुभंगणार. म्हणून लोकांशी बोलायचं असलं की मामा मला हाक मारत, "अगो फ्लोरा, ये जरा. याला माझी हरकत सांग."

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात क्लाराबाई आमच्या खात्यात आल्या.

रुमानियाच्या. ठेंगण्या, जाडजूड, केस पुरुषासारखे कापलेले. ज्या मुलांची समज वयाच्या मागे रेंगाळते, अशा मुलांची त्या खाजगी शाळा चालवत होत्या, एका इमारतीच्या तळघरात. तळघराला खिडकी नव्हती. आमच्या वसाहतीजवळच्या सरकारी शाळेला नवी इमारत झाली होती आणि मागची जुनी बैठी चाळ रिकामी पडली होती. ती भाडेपट्ट्याने मिळावी, एवढंच बाईंचं म्हणणं.

मामांनी ऐकलं आणि हरकतींचा पट्टा सोडला. सरकारी मालमत्ता खाजगी माणसाला कशी द्यायची? छताला भोक पडलं तर कुणाचं? आवारात तुतीचं झाड आहे, त्याची फळं भाडेकरूची की सरकारची? मी एकेक हरकत हिब्रूत सांगत होते. बाई प्रत्येकीचं ताडकन उत्तर देत होत्या. तुतीपाशी आल्यावर त्यांनी टेबलावर हात आपटला. "फळं मुलांची! दुसऱ्या कुणाची असणार?"

मामांनी कराराचा कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग मला म्हणाले, "बाई चक्रम आहे गो. कागद टाईप कर."

करार झाला, आणि मग खरी गंमत सुरू झाली. सरकारी शाळेच्या पालकांना कळलं तशी ओरड उठली. पालकसंघाचा अध्यक्ष शिमोन खाटीक, आवाजाने आणि देहाने रेड्यासारखा. तो सभेत उभा राहिला आणि म्हणाला, "आमची मुलं घाबरतील. बघून बघून तशीच होतील." चारदोन बायकांनी माना हलवल्या. क्लाराबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी तळघर आधीच सोडलं होतं. इथून हाकललं असतं तर मुलं रस्त्यावर आली असती.

शेवटी तडजोड निघाली. भाडेपट्टा एका वर्षाचा राहील, पण आवाराच्या मधोमध उंच भिंत घालायची, म्हणजे इकडच्या मुलांना तिकडची दिसणार नाहीत. वर्षअखेरीस भिंत नसेल तर पट्टा पुढे चालवायचा की नाही, ते पालकांना विचारून ठरवायचं. भिंतीचं काम कुणाकडे? मालमत्ता खात्याकडे. म्हणजे हसाजीमामांकडे. शिमोन खूश झाला. असा काटेकोर माणूस असल्यावर भिंत चोख होणार!

सणांच्या सुट्ट्या संपल्या, क्लाराबाईंची मुलं चाळीत आली आणि कंत्राटदाराने विटांची गाडी आणून ओतली. मामांनी एक वीट उचलली, वाजवली, हुंगली आणि म्हणाले, "हरकत आहे. विटा कच्च्या." गाडी परत गेली. दुसऱ्या विटा आल्या, त्या पक्क्या होत्या, पण रंग शाळेच्या इमारतीशी जुळत नव्हता. तिसऱ्यांदा विटा बऱ्या निघाल्या, तर भिंतीची रेघ तुतीच्या मुळांवरून जाते असं मामांना दिसलं. "झाड सरकारी मालमत्ता आहे. मूळ तोडायला बागखात्याची परवानगी हवी." बागखात्याने परवानगी द्यायला हिवाळा लावला. इथला पाऊस हिवाळ्यातला, तो पडला, आवारात पाणी साचलं, आणि मामांनी छत्री घेऊन त्या तळ्याकाठी उभं राहून जाहीर केलं, "भिंत घातली तर हे पाणी जाणार कुठे?"

शिमोन रोज कचेरीत येऊन ओरडायचा. मामा मला म्हणत, "त्याला सांग, घाईत घातलेली भिंत पोरांच्या अंगावर पडते." मी सांगे. शिमोन हात आभाळाकडे करून निघून जाई.

सगळ्यात मोठी हरकत मामांनी शेवटी काढली. आवारात पाण्याचा नळ एकच, आणि तो बरोबर मधोमध. भिंत घातल्यावर नळ कुणाच्या बाजूला? शिमोन म्हणाला, "दुसरा नळ बसवा!" मामा म्हणाले, "एका आवाराला एक जोडणी, हा नियम आहे." नगरपालिकेत नळावर बैठका झाल्या. पाणीखातं म्हणालं, हा प्रश्न शिक्षणखात्याचा. शिक्षणखातं म्हणालं, पाण्याचा.

तोवर मुलांना तहान लागायची थांबली नव्हती. मधल्या सुट्टीत दोन्हीकडची मुलं त्या एकाच नळावर येत. आधी लांबून एकमेकांना बघत. मग क्लाराबाईंच्या शाळेतल्या तोवा नावाच्या मुलीने नळाचा ताबा घेतला. अंगाने थोराड, बोलायची फार कमी. नळाजवळ उभी राहून ती एकेकाला पुढे बोलवायची, नळ सोडायची, त्याचं पिऊन झालं की घट्ट बंद करायची. कुणी मध्ये घुसला तर हात पसरून आडवी व्हायची. 'तोदा', म्हणजे धन्यवाद, म्हटल्याशिवाय कुणाला हलू द्यायची नाही. महिन्याभरात अख्खी शाळा तिच्यापुढे रांगेत उभी राहू लागली. मास्तरांना जे कधी जमलं नव्हतं, ते तिने केलं.

एक दिवस शिमोन तावातावाने कचेरीत शिरला. मागे त्याचा धाकटा, तोंडाला रुमाल लावलेला. मामांनी पेन खाली ठेवलं. मलाही वाटलं, आता संपलं सगळं.

"बघा!" शिमोन गरजला. "माझ्या पोराचा दात पडला! नळावर मारामारी झाली!"

"त्या मुलांनी मारलं?" मी विचारलं.

"ती कशाला मारतील? आमचीच कार्टी! ती मुलगी आज आली नव्हती. गालगुंड झालंय म्हणे तिला. मी विचारतो, ती आजारी पडते तेव्हा तिच्या जागी माणूस कोण? नगरपालिका करते काय?"

मी हे मामांना मराठीत सांगितलं. मामांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाले, "त्याला सांग, तक्रार रास्त आहे."

वर्षअखेरीच्या सभेत भिंतीचा विषय निघाला तेव्हा शिमोन उठलाच नाही. कुणीतरी विचारलं, "भिंतीचं काय?" तेव्हा बसल्याबसल्या म्हणाला, "कसली भिंत? अंगावर पडेल कुणाच्या." भाडेपट्टा पुढे चालू झाला. क्लाराबाई सरळ मामांपाशी आल्या आणि सगळ्यांदेखत त्यांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. मामांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं, पण निघाला तो नुसता खोकला.

त्या शब्बाथला, शनिवारी दुपारी, मामा आमच्याकडे आले. बेंजी झोपला होता. बाल्कनीत बसून आम्ही, शब्बाथला चूल पेटवत नाहीत म्हणून आदल्या दिवशी थर्मासमध्ये भरून ठेवलेला चहा घेत होतो. मी म्हटलं, "मामा, खरं सांगा. भिंत तुम्ही मुद्दाम होऊ दिली नाहीत ना?"

"छे गो. विटा कच्च्याच होत्या."

"आणि रंग?"

मामांनी कप खाली ठेवला. खाली मुलं खेळत होती. मग म्हणाले, "माझी धाकटी बहीण होती. सिपोरा. तशीच होती ती, तोवासारखी. आमच्या खोलीत पडदा होता. पाहुणे आले की आई तिला पडद्यामागे बसवायची आणि मला तिच्याजवळ. आवाज करू द्यायचा नाही, एवढं माझं काम. मी तिच्या हातावर चुरमुरे ठेवायचो. आणि तिला माणसं फार आवडायची गो. बाहेर कुणी हसलं की ही आत हसायची, आणि मी तिच्या तोंडावर हात धरायचो."

चहा निवत होता. मी तसाच निवू दिला.

"एकदा माझा हात निसटला. गेली धावत बाहेर. पाहुणे बसलेले, मोठ्या बहिणीला बघायला आलेले. ही सरळ त्यांतल्या म्हाताऱ्याकडे गेली, त्याच्या हातातली बशी घेतली आणि त्याचा चहा पिऊन टाकला. आईला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. आणि तो म्हातारा हसला. किटली मागून घेतली आणि तिच्या बशीत पुन्हा चहा ओतला. फुंकर घालून निववून दिला तिला."

"मग? लग्न जमलं?"

"नाही. बाकीच्यांना पटलं नाही. सिपोरा पुढे तापाने गेली, आम्ही इकडे यायच्या आधीच." मामांनी चष्मा काढून कोटाच्या बाहीला पुसला. "पण त्या म्हाताऱ्याचं नाव आठवत नाही बघ. चेहरा आठवतो, मिशी आठवते. फुंकर घालताना मिशी हलायची त्याची. आमच्या घरात तिला कुणी समोर बसवून चहा पाजला, तो तेवढा एकच माणूस. आणि मेलं नावच आठवत नाही."

मी कप उचलून आत गेले. परत आले तर मामा बाल्कनीच्या कठड्याला टेकून उभे होते आणि हलक्या आवाजात कोकणातलं एकेक गाव लावून बघत होते. "थळकर? नव्हे. किहीमकर... नव्हे, ते दुसरे. चौलकर? रोहेकर?..."