उंबरावरचा पाहुणा

ग्रुपमधून नाव जायला चार दिवस उरले होते आणि श्रुतिकाच्या नावावर या वसंतात साधी चिमणीसुद्धा नव्हती.

ग्रुप म्हणजे ‘नाहूर-मुलुंड पक्षीमित्र’. थंडीतले पाहुणे पक्षी उत्तरेकडे परतायला लागले की ग्रुपवर रोज नोंदी पडायच्या : कुठे दिसला, किती वाजता, किती होते. नियम दोनच. पक्षी पाहिलेले साक्षीदार दोन हवेत. आणि मोसमभरात ज्याची एकही नोंद नाही, त्याचं नाव पंधरा एप्रिलला कमी. ग्रुप चालवणारे चंद्रप्रकाश सर निवृत्त मुख्याध्यापक होते. शाळा सुटली तरी हजेरीपट सुटला नव्हता.

पूर्वी श्रुतिका दुर्बीण घेऊन पहाटेच खाडीवर पोचायची. आता दहा महिन्यांची मनवा होती, आणि जग चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीएवढं. खिडकीसमोर उंबर, उंबरावर कावळे. मनवाचा पाळणा आतल्या खोलीत. बायकोला कामं करता यावीत म्हणून सर्वेशने पाळण्याला कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी बांधून थेट स्वयंपाकघरापर्यंत आणली होती. दोरीचा फासा खिडकीखाली. पायाचा अंगठा त्यात घालायचा आणि ओढत राहायचं. श्रुतिकाचा अंगठा हे काम आता तिला न विचारता करायचा.

गुरुवारी सकाळी खिडकीशी उभी असताना बाहेरून आवाज आला. टुईंक... टुईंक. असा पक्षी तिने कधी ऐकला नव्हता. ती दूध उतरवायला वळली, तर गप्प. परत खिडकीशी आली, तर टुईंक.

"लाजाळू दिसतोय," म्हणत तिने मोबाइलवर आवाज टिपला आणि ग्रुपवर टाकला.

"हा आपल्याकडचा नाहीच यार!" मृणालिनीचा लगेच मेसेज.

चंद्रप्रकाश सरांनी अकरा वेळा ऐकून निकाल दिला : "दोन हाकांमध्ये बरोबर दीड सेकंद. शिस्तीचा पक्षी आहे. लांबच्या प्रवासातला असणार. उद्या सहा वाजता सर्वांनी श्रुतिकाकडे जमावे."

शुक्रवारी पहाटे दारात बुटांचे नऊ जोड. सासूबाईंनी श्रुतिकाला कोपऱ्यात घेतलं.

"इतकी माणसां कित्याक इली गो? शेजाऱ्यांका वाटात, आपल्याकडे कोण गेला!"

"आई, पक्षी बघायला आलेत."

"मगे हयसर कावळ्यांशिवाय काय आसा बघूक?"

नऊ माणसं स्वयंपाकघरात मावली, कारण कुणी श्वास पूर्ण घेत नव्हतं. अर्धा तास गेला. उंबरावर कावळे दोन, खार एक. श्रुतिका गॅसपाशी चहा गाळत होती आणि घामाघूम होत होती.

"नक्की इथंच ना?" सरांनी कुजबुजत विचारलं.

"हो सर, शपथ!"

"गेला असेल गं उत्तरेला," मृणालिनी समजूत घालत म्हणाली. ते जास्त लागलं.

तेवढ्यात आतून सासूबाई म्हणाल्या, "गो, चेडू चुळबुळतां. दोरी ओढ बघू!"

श्रुतिका खिडकीशी सरकली. अंगठा फाशात गेला.

टुईंक.

नऊ दुर्बिणी एकदम वर.

"तोच!" सर कुजबुजले. श्रुतिका आनंदाने जागच्या जागी थिजली. आवाज थांबला.

"कोणी हलू नका. बुजला."

अंगठा पुन्हा चालू. टुईंक... टुईंक.

"पानांच्या मागे आहे. शेंड्याला."

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. नऊ पाठींकडे त्यांनी बघितलं, मग सुनेच्या पायाकडे.

"अरे देवा! तो पाळण्याचो आकडो! कालपासून माझ्या झिलाक सांगतंय, तेल घाल म्हणान. आवाज आतल्या खिडकीतसून भायर जाता आणि हयसून आत येता!"

आठ माणसं तोंडावर हात दाबून हसली. मूल झोपलेलं असताना आवाज करायचा नाही, एवढं पक्षीवाल्यांना कळतं. हसले नाहीत ते फक्त सर. दीड सेकंद त्यांनी मोजला होता.

"तेल आहे घरात?" एवढंच म्हणून ते आतल्या खोलीत गेले. सगळे आकडा बघायला मागोमाग. गर्दीने मनवा जागी झाली. सासूबाईंनी तिला आणून श्रुतिकाच्या कडेवर दिलं. आता पंधरा तारखेची वाटसुद्धा कशाला बघायची, असा विचार करत श्रुतिका खिडकीशी उभी राहिली.

आणि उंबरात काहीतरी पांढरं हललं. काळा तुरा, मागे दोन लांब पांढऱ्या फिती. स्वर्गीय नर्तक! फांदीवर टेकला, एक माशी टिपली.

"ऊं!" मनवाने बोट दाखवलं.

"सर! लवकर!"

सर धावत येईपर्यंत उंबर रिकामा.

"कोणी पाहिला?"

"मी."

"दुसरं कुणी?"

मनवाचं बोट मात्र अजून तिथंच होतं. सरांनी तेलकट हाताने चष्मा वर केला आणि त्या बोटाच्या रेषेत पाहिलं. फांदी अजून डुलत होती.

दुपारी ग्रुपवर नोंद पडली : ‘नाहूर, उंबर, सकाळी ७:१०. स्वर्गीय नर्तक, नर, एक. साक्षीदार : श्रुतिका, मनवा, वय दहा महिने. मंजूर. चंद्रप्रकाश.’

श्रुतिकाने ती तीनदा वाचली. चौथ्यांदा वाचता येईना, कारण मनवा झोपत नव्हती. दोरी चालू होती, पाळणा हलत होता, पण आकड्यातून आवाज म्हणून येत नव्हता. सरांनी काम चोख केलं होतं.

शेवटी श्रुतिकाने ग्रुपवर मागे जाऊन गुरुवारचा तो आवाज शोधला, लावला आणि मोबाइल उशाशी ठेवला.

टुईंक... टुईंक.

तिसऱ्या हाकेला मनवाचे डोळे मिटले.