पूजेआधीची सायकल

"एक चक्कर मारून बघा की आप्पा. बसल्याबिगर सायकल कळती व्हय?" गेवराईचा सायकल दुकानदार आश्रुबा वैतागून म्हणाला.

सिद्धारामआप्पा मागच्या टायरवर अंगठा दाबून उभे होते. "तुमीच मारा," ते म्हणाले. "मी बघतो."

आप्पांचं उमापूरला किराणा दुकान. अलीकडे तिथं गिऱ्हाइकांपेक्षा दुकानंच जास्त झाली होती. अशात गेवराईच्या अमरसिंहांनी शांपूच्या पुड्यांची एजन्सी घेतली. टीव्हीवरच्या केस उडवणाऱ्या बाया वस्त्यांवर केव्हाच पोचल्या होत्या, मागं राहिला होता तो फक्त शांपू. वस्त्यांवर माल विकायची लाईन कोणाला द्यायची ते आज ठरणार होतं. एक आप्पा आणि दुसरा मोपेडवाला शहादेव. दोघांनी गेवराईहून आपापलं वाहन आणि पुड्यांचं एकेक खोकं घेऊन वस्त्या करत घरी जायचं. संध्याकाळी अमरसिंह जीपमधून मागोमाग येऊन लोकांना विचारणार. लाईन हातची गेली तर आप्पांना दुकानात बसून माश्याच मारायच्या होत्या.

वस्त्यांचा रस्ता आधी डांबरी, मग खडीचा. म्हणून तर निवडता निवडता शेवटचा दिवस उजाडला. बारीक टायरची लाल रेसर खडीत रुतणार. काळी बावीस इंची खडीवर हत्तीसारखी, पण डांबरावरही हत्तीसारखीच. नव्या फॅशनची जाड टायरवाली बघून आप्पा म्हणाले, "ही ट्रॅक्टरच्या पोटची दिसती." उरली ती मधल्या टायरची, सरळ हँडलची हिरवी. लेकीचं स्थळ बघतानाही आप्पांनी इतक्या चौकशा केल्या नव्हत्या. आश्रुबानं ती डांबरावर पळवली, मग आप्पांच्या आग्रहाखातर समोरच्या बांधकामाच्या खडीवर घातली आणि पँट झटकत उठला.

"पडलात कावून?"

"मी पडलो आप्पा. सायकल कुठं पडली? एक नंबर हाय!"

आप्पांनी सायकल घेतली. बसले मात्र नाहीत, कारण घरी बायकोचा, बसम्मांचा, नेम होता. इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय त्या पाणी घेत नसत, आणि नवीन वस्तूला पूजेत विभूती लागल्याशिवाय घरात ती कोणी वापरत नसे. रेडिओ आणला तेव्हा विभूती लागेपर्यंत मॅच संपली होती. आजची पूजा झालेली; आता उद्या सकाळी. निघताना बसम्मा हळूच म्हणाल्या होत्या, "तुमची मर्जी. पण बसू नका बरं का." त्या ओरडल्या असत्या तर आप्पा बसलेही असते.

खोकं क्यारेजला बांधायला त्यांनी दोरी काढली आणि हात थांबला. ओझं ठेवणं म्हणजे वापरणंच की! मग खोकं खांद्यावर आणि रिकामी सायकल हातात, असे ते निघाले.

डांबरावर गहिनीनाथची बैलगाडी आडवी आली. "पंक्चर का आप्पा?"

"न्हाई."

"मग खोकं तरी ठेवा तिच्यावर."

बायकोनं नको म्हटलंय, हे भर रस्त्यात पुरुषमाणसाला सांगायचं कसं? "मन होत न्हाई," आप्पा म्हणाले. गहिनीनाथ मान हलवत वस्त्यांकडं गेला आणि वाटेत जो भेटेल त्याला सांगत गेला.

खडी लागली. पहिल्याच वस्तीवर छबुबाईनं हाक मारली, "वं आप्पा, गुडघा लई दुखतोय म्हणं? सायकलीवर बी टांग टाकता येईना? बसा, पाणी घ्या." आप्पा नाही म्हणेपर्यंत तेलाची वाटी आली. बसल्या बसल्या वस्तीभरच्या घरांची विचारपूस झाली, आणि आजारी माणूस उन्हात फिरतोय म्हणून बायांनी पुड्या घेतल्या.

पुढच्या वस्तीवर गुडघ्याचा नवस झाला होता. "बोलायचं न्हाई त्यांच्याशी, नवसाची सायकल हाय," एक म्हातारा पोरांना दटावत होता. आप्पांनी तोंड उघडलं. पण खरं सांगावं तर हसू होईल, खोटं बोलावं तर पाप लागेल. ते गप्प राहिले. मौनामुळं नवस पक्का झाला आणि पुड्या प्रसादासारख्या खपल्या. उमापूर येण्याआधीच खोकं रिकामं झालं.

संध्याकाळी जीप फिरली. आप्पांना सगळ्या वस्त्या ओळखत होत्या.

"अन् शहादेव?" अमरसिंहांनी विचारलं.

"धुरळा आलता," छबुबाई म्हणाली. "माणूस न्हाई दिसला."

लाईन आप्पांना मिळाली.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली, बसम्मांनी हँडलवर विभूतीची बोटं ओढली आणि आप्पा टांग टाकून मोठ्या रस्त्यानं गेवराईला गेले, नवं खोकं घेऊन वस्त्यांच्या वाटेला लागले. निवड अचूक होती. सायकल डांबरावर पाण्यासारखी पळाली, खडीवरही अडखळली नाही. घंटी वाजवत ते छबुबाईच्या दारात उतरले.

"गुडघा बरा झाला वाटतं," छबुबाई सूप पाखडता पाखडता म्हणाली.

"झाला. किती पुड्या देऊ?"

"कालच्याच हायत. तुमची दया आली म्हणून घेतल्या, म्हशीला लावल्या. जावा तुमी, घाईत असाल."

पुढच्या वस्तीवरचा म्हातारा तर बोललाच नाही. नवस एका दिवसात मोडणाऱ्या माणसाशी काय बोलायचं?

तिसरी वस्ती दिसायच्या आधी आप्पा बाभळीआड उतरले. इकडंतिकडं बघितलं, खोकं खांद्यावर घेतलं आणि सायकल ढकलत निघाले.

"या आप्पा, दमलात!" लांबूनच हाक आली.

तेव्हापासून तोच शिरस्ता पडला. डांबर संपेपर्यंत आप्पा सायकलीवर, खडी लागली की पायी. जिच्या पारखीसाठी आश्रुबा खडीत लोळला, त्या सायकलीला खडीवर आप्पांचं वजन पुन्हा कधी लागलं नाही. शहादेवला हे कळलं तेव्हा त्यानंही इंजिन बंद करून मोपेड ढकलायला सुरुवात केली, पण मोपेड जड; दोन वस्त्यांत त्याला धाप लागायची, आणि खोटी धाप ओळखणाऱ्या छबुबाईला खरीही पटत नव्हती.

वर्ष झालं तरी सायकल नव्यासारखीच. बसम्मा रोज सकाळी तिच्या चकचकीत सीटवरून हात फिरवतात.

"बघा," त्या हळू आवाजात म्हणतात, "आधी देवाला दाखवलेली वस्तू झिजत न्हाई."

"न्हाई झिजत," आप्पा म्हणतात आणि कोपऱ्यातल्या चपलेला नवा तळ मारायला काढतात.

चपलांना विभूती लावता येत नाही, एवढंच बसम्मांना वाईट वाटतं.