कमाल दोन माश्या

दारिद्र्य असणं ही एक गोष्ट आणि ते नीट दिसणं ही दुसरी. पहिली कोणालाही जमते. दुसरीला सरकार लागतं.

मंदीच्या तिसऱ्या वर्षी ही उणीव वरिष्ठांच्या ध्यानात आली. खेड्यापाड्यांत गरिबी मुबलक होती, पण शहरातल्या लोकांना ती दिसत नसल्यामुळे वाया जात होती. म्हणून ग्रामीण दारिद्र्य चित्रण विभाग स्थापन झाला. त्याला तीन खोल्या, अकरा खुर्च्या, एक विभागप्रमुख आणि एक फोटोवाला मिळाला. (खुर्च्या आधी आल्या.)

फोटोवाला मूळचा लग्नातला. मंदीमुळे लोकांनी लग्नं करायची थांबवली नव्हती, फोटो काढायचे थांबवले होते. वीस वर्षं त्याने गरिबांना मागून आणलेला कोट चढवून श्रीमंत दाखवलं होतं. हीच हातोटी उलटी वापरता येईल का, असं त्याला मुलाखतीत विचारलं. घरी बायको चूल पेटवायची की नाही याचा निरोप येण्याची वाट पाहत होती. तो म्हणाला, येईल.

निघताना त्याच्या हातात परिपत्रक देण्यात आलं. त्यातली महत्त्वाची कलमं अशी:

गरीब व्यक्ती कॅमेऱ्याकडे पाहणार नाही, क्षितिजाकडे पाहील. क्षितिज उपलब्ध नसल्यास जमिनीकडे.

मुलं दोन ते तीन. चौथं आलं की बघणाऱ्याच्या मनात कणव येण्याऐवजी हिशेब सुरू होतो.

फोटो पाहून डोळ्यांत पाणी यावं, किळस येऊ नये. (माश्या: कमाल दोन.)

हसणे वर्ज्य.

फोटोवाला विणकरांच्या एका गावी पोचला. माग बंद पडून वर्ष झालं होतं आणि गावातली धडधाकट माणसं कामाच्या शोधात शहराकडे गेली होती. तिथे एका विणकराची बायको दोन पोरींना घेऊन राहत होती. फोटो काढायला माणूस येणार हे कळल्यावर तिने जे कोणीही करेल ते केलं. घर झाडलं, भांडी घासून फळीवर लावली, पोरींच्या घट्ट वेण्या घातल्या आणि स्वतः त्यातल्या त्यात बरं लुगडं नेसून दारात उभी राहिली.

फोटोवाल्याने कपाळाला हात लावला. भांडी चमकत होती, ती त्याने उतरवून मागाआड ठेवली. वेण्या सोडायला लावल्या. मग त्याने काहीतरी फाटकं नेसायला सांगितलं. बाई गोंधळली. फाटकं घरात नव्हतं. फाटलं की ती शिवत असे, विणकराच्या घरात सुईदोऱ्याला काय तोटा. शेवटी शेजारणीकडून एक जुनेर मागून आणलं. (वीस वर्षांचा अनुभव इथे कामी आला.)

खरी अडचण धाकटीची होती. चार वर्षांची पोर. फोटोवाल्याने काळ्या फडक्याखाली डोकं घातलं की ती खुदकन हसायची आणि तिला पाहून थोरलीही हसायची. मग आईला हसू आवरेना. तीन फिल्मा फुकट गेल्या. फोटोवाल्याने बाईला काहीतरी दुःखाचं आठवायला सांगितलं. तिने प्रामाणिकपणे प्रयत्न केला, पण त्या महिन्यात तिची स्थिती तशी बरी होती. नवऱ्याला शहरात एका गोदामावर हमाली मिळाली होती. पहिले पैसेही आले होते. पोरी एक वेळ पोटभर आणि एक वेळ अर्धपोटी जेवत होत्या.

नवरीला पाठवणीच्या वेळी कसं रडवायचं हे फोटोवाल्याला ठाऊक होतं. तो फडक्याबाहेर आला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाला, "शहरात गेलेली माणसं परत येतातच असं नाही. नाही का, वहिनी?"

बाईने मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. आई गप्प झाली तशा पोरी तिला चिकटल्या. फोटो निघाला.

जरा वेळाने बाईने डोळे पुसले आणि संकोचत म्हणाली, "दादा, आता एक आमच्या मनासारखा काढाल? त्यांना पाठवायचाय. पोरी बऱ्या आहेत एवढं दिसलं की त्यांचा जीव तिथे रमेल."

फोटोवाल्याला स्वतःची थोडी लाज वाटत होती. त्याने वेण्या पुन्हा घालू दिल्या, काळ्या फडक्यातून दोनदा डोकं आतबाहेर केलं आणि तिघी खदखदून हसत असताना फोटो घेतला. गोदामाचा पत्ता कागदावर लिहून घेतला. पाठवतो म्हणाला.

विभागप्रमुखांनी दोन्ही फोटो खिडकीशी धरून पाहिले. पहिला पाहून त्यांनी रुमाल काढला. दुसरा पाहून त्यांनी खण उघडला, फायलींना भोकं पाडायचं यंत्र काढलं आणि थोरलीच्या चेहऱ्याच्या जागी एक भोक पाडलं. नामंजूर फोटो बाहेर गेला तर विभागाचं काम लोकांना हास्यास्पद वाटेल, असं त्यांनी समजावलं. फोटोवाल्याने मान डोलावली. नोकरीला लागून त्याला दोनच महिने झाले होते. पत्त्याचा कागद काही दिवस त्याच्या खिशात होता, मग कोट धुतला गेला.

पहिला फोटो मात्र गाजला. तो वर्तमानपत्रांत आला, प्रदर्शनात लागला, मोठा करून शहराच्या भिंतींवर चिकटवला गेला. खाली मजकूर होता: 'घरधनी परागंदा. मायलेकी तीन दिवस उपाशी.' (तीन हा आकडा विभागात मतदानाने ठरला. शिपायाचं मत दोन होतं.)

एक भिंत गोदामासमोर होती.

विणकराला वाचता येत नव्हतं. बायको ओळखता येत होती. त्याने पाठीवरचं पोतं खाली ठेवलं आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याला मजकूर वाचायला सांगितला. पहारेकऱ्याने तो दोनदा वाचला. विणकर तसाच चालू लागला. त्याची जागा पोतं गार व्हायच्या आत भरली, कारण फाटकाबाहेर चाळीस माणसं रोज त्यासाठीच उभी असत.

चौथ्या दिवशी तो घरी पोचला. बायको दारात काहीतरी शिवत बसली होती.

"तुम्ही? असे अचानक?"

"पोरी कुठायत?"

"असतील मागच्या दारी. का? काय झालं?"

पोरी धावत आल्या. त्याने दोघींना चाचपून पाहिलं.

"आणि काम?" बायकोने विचारलं.

त्याने धाकटीला कडेवर घेतलं. तिने पुन्हा विचारलं नाही.

फोटो गाजल्यामुळे त्याच आठवड्यात या कुटुंबाला धान्य मंजूर झालं. ते घेऊन आलेल्या कारकुनाला घरात एक धडधाकट पुरुष आढळला. धान्य परागंदा पुरुषाच्या कुटुंबासाठी होतं. कारकून सज्जन होता. परत नेण्यापूर्वी त्याने खंत व्यक्त केली.

वर्षभराने विभागाने फोटोवाल्याला पुन्हा तिथे धाडलं. प्रदर्शनाला ताजा माल हवा होता. या खेपेला काही उतरवावं लागलं नाही. भांडी विकली गेली होती. शेजारीण गाव सोडून गेली होती, पण जुनेर मागायची गरजच पडली नाही. धाकटी अंथरुणावर होती. त्याने काळ्या फडक्याखाली डोकं घातलं, तेव्हा ती नुसती बघत राहिली. त्याने उगाच आणखी एकदा घातलं.

बाईने विचारलं, "दादा, त्यांना पाठवायचा होता तो फोटो पाठवला होता ना तुम्ही?"

"पोहोचला नसेल," फोटोवाला म्हणाला.

"दुसरा पोहोचला," भिंतीशी बसलेला विणकर म्हणाला.

फोटोवाल्याने कुठे बघायचं ते कोणालाच सांगितलं नाही. त्यामुळे चौघंही सरळ त्याच्याकडे बघत राहिली.

हा फोटो नामंजूर झाला. शेरा असा: 'चेहऱ्यांवर भाव नाहीत. बाई थेट पाहते, त्यामुळे प्रेक्षक अवघडतात. पुरुषाची उपस्थिती मूळ मजकुराशी विसंगत.' भोक पाडायचं काम आता फोटोवाल्याकडेच होतं. त्याने ते कडेला, कोणाचा चेहरा नव्हता तिथे पाडलं आणि याला धैर्य म्हणावं की काय, याचा घरी जाताना विचार केला.

जुना फोटो अजून प्रदर्शनात आहे. रोज सरासरी तीनशे दहा माणसं येतात आणि त्यांपैकी दोनशे चौऱ्याऐंशी हळहळतात. (बाकीची पावसासाठी थांबलेली असतात.) बाहेर पडताना बरेच जण आता दाराशी राखणीला बसवलेल्या फोटोवाल्याला विचारतात, की त्या धाकटीचं पुढे काय झालं. सुरुवातीला तो सांगायला तोंड उघडत असे. मग त्याच्या लक्षात आलं, की तोवर विचारणारा छत्री शोधू लागलेला असतो.

तोच प्रश्न या घटकेला आपल्याही मनात असेल. जरूर विचारा. विभागाचा आजवरचा अनुभव असा आहे, की विचारलं की माणसाला बरं वाटतं आणि बरं वाटलं की तो घरी जातो.