नवे यजमान सोमवारी

"'होस्ट सेल'ला होस्ट सेलच म्हणा, मराठीच्या नादी लागू नका!" प्रयोगशाळेतल्या सरांनी बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. अख्ख्या विरारला मराठीतून जंतुशास्त्र शिकवून दाखवीन, म्हटलं! जंतू ज्या पेशीत शिरतो ती यजमान पेशी. थोडक्यात, यजमान. प्रयोगशाळेतली माझी जोडीदारीण विनिता, तिलाही मी तीच सवय लावली.

आमचं काम म्हणजे टायफॉइडच्या जंतूंवर पाळत. बाहेर असताना गोगलगाय, पोटात पाय! यजमानाच्या आत शिरले की त्यांची कुठली जनुकं जागी होतात, ते शोधायचं. मी बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून प्रयोग विनिता सांभाळत होती.

त्या दिवशी मी लेकीला, क्षितिजाला, पोलिओचा डोस द्यायला नेलं होतं. विनिताचा फोन शेजारच्या सेलिनआँटींकडे आला. आमच्याकडे फोन होता कुठे!

"तिला निरोप द्या, यजमान मेले."

"जेजू! कशानं गं?"

"टायफॉइडनं. आम्हीच घातले होते जंतू."

"तुम्ही?"

"हो ना, जरा जास्तच पडले! तिला म्हणावं, रडू नकोस, सोमवारी नवे यजमान मागवते."

आँटींनी हे शब्दन्‌शब्द माझ्या सासूबाईंना सांगितलं.

मी परतले तर दाराशी चपलांचा ढीग. आत सासूबाई जमिनीवर आडव्या, आँटी त्यांना कांदा हुंगवतायत.

"बाय गं, तुझा संकेत गेला!"

सकाळी डबा घेऊन धडधाकट गेलेला नवरा! लेकीला छातीशी आवळलं. "कोण म्हणालं?"

"तुझी विनिताच! आणि वर म्हणते, सोमवारी नवा मागवते!"

आणि मी हसले. जीव भांड्यात पडल्याचं हसू ते, काही केल्या थांबेना! नेमके तेव्हाच सासूबाईंनी डोळे उघडले.

संध्याकाळी संकेत घरी आला, तोवर त्या दवाखान्यात होत्या. तोंड वाकडं, डावा हात लुळा. मुलाला त्यांनी बराच वेळ न्याहाळलं. मग माझ्याकडे वळून बोबडं विचारलं,

"हा कुठून मागवलास?"

आता त्या आगाशीला भावाकडे असतात. संकेत गेला तर "बसा पाहुणे" म्हणून पाणी देतात. मी दिसले की आतून कडी!

तुम्ही आगाशीच्या बाजारात जाल, तेव्हा देवळामागच्या गल्लीत जरा डोकावा. वसुंधराबाई म्हटलं की कुणीही घर दाखवेल. बीपीची गोळी घेतायत ना, विचारा. मी पाठवलंय म्हणू नका. आणि डावा हात थोडा तरी हलतो का, तेवढं मला येऊन सांगा.