हवेची खीर

कडुलिंबाला टोमणे मारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीतले डॉ. वामन खरे सकाळी फिरायला निघतात, फाटकाजवळच्या लिंबापाशी थांबतात आणि म्हणतात, "दिवसभर उन्हात उभा, आणि काम बघावं तर निंबोळ्या."

खरे एका सरकारी प्रयोगशाळेत हवा, पाणी आणि सौरवीज यांपासून पिष्ट बनवतात. पान जे करतं तेच, फक्त पानाशिवाय. झाड म्हणजे त्यांच्या मते सूर्य आणि माणूस यांच्यातला दलाल. ऊन भरमसाट घेतो, अन्न चिमूटभर देतो. "मधला दलाल काढा यार," हे त्यांचं पालुपद. भाड्याची खोली बघायलाही दलाल लागणाऱ्या आमच्या गावात ते पटकन पटतं. शेजारच्या जोशीकाकूंच्या तुळशीला मात्र त्यांनी 'शोभेची आळशी' म्हटलं, तेव्हा काकूंकडून येणारी पुरणपोळी त्या वर्षी आली नाही.

मोठ्या शोधांवरची भाषणं मी नोकरीत पुष्कळ ऐकली. त्यांत जगाची भूक मिटते आणि आपला चहा गार होतो. खरे जगाच्या भुकेबद्दल अवाक्षर काढत नसत. त्यांना काळजी होती ती माईंची, म्हणजे त्यांच्या नव्वदीच्या आईची. माई हल्ली काही खातच नव्हत्या. ताट पुढे केलं की म्हणायच्या, "मला उपास आहे." तिथीशी त्याचा संबंध उरला नव्हता. साबुदाणा दिला तर तोही परत: "पोरांना ठेव." त्या पोरांतले सर्वांत धाकटे, म्हणजे हे खरे, स्वतःच निवृत्तीला आले होते.

म्हणून आपलं पिष्ट उपासाला चालतं का, हे विचारायला ते काकूंकडे गेले. मलाही सोबत नेलं. उपासाच्या बाबतीत आमच्याकडे काकूंचा शब्द शेवटचा. भात चालत नाही, वरई चालते. समुद्रापलीकडून आलेला बटाटा तर घरचाच. खऱ्यांनी बाजू मांडली की हे ना धान्य, ना कंद. नुसती हवा आणि पाणी. काकूंनी बराच विचार केला.

"चालेल. पण त्या मशीनला कांदा-लसूण लागलेला नको."

खऱ्यांनी तसं लिहून द्यायची तयारी दाखवली.

पिष्ट खायला निर्धोक ठरल्यावर एका रविवारी त्यांनी स्वतः खीर केली, आजाऱ्याला आरारोटाची करतात तशी. दूध बाजारचंच होतं. म्हशीला वगळायचा मार्ग त्यांना अजून सापडलेला नाही. वाटी घेऊन ते माईंपाशी बसले.

"मला उपास आहे," माई म्हणाल्या. "तू घे."

आज एकादशी नाही, असं मी हळूच म्हणालो.

"आमच्याकडे कॅलेंडर वेगळं होतं," खरे माझ्याकडे न बघता म्हणाले. "करोलबागेत एक खोली, आम्ही चार भावंडं. महिनाअखेर आली की माईच्या एकादश्या लागोपाठ यायच्या."

मग ते आईकडे वळले. "माई, हे उपासाला चालतं. काकूंना विचारलंय. हवेचं केलंय."

माईंनी एक चमचा घेतला. तोंडात घोळवला. दुसरा उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"सगळ्यांना पुरेल ना रे?"

"बिल्कुल," खरे म्हणाले. "हवा पुष्कळ आहे."

माईंनी वाटी जवळ ओढली.