कणगीत हत्तीण मावली त्याची बखर

॥ श्री ॥ डोळे लहान आणि पाहणे मोठे ऐसा जो गजवदन, त्यास आधी दंडवत, कारण पुढील मजकुरात त्याचेच गणगोत आहे. शके सत्राशे चार, शुभकृत नाम संवत्सरे, ज्येष्ठ मासी एका राज्यात जे वर्तले ते येथे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहीत नाही. ज्यास ओळखू येईल त्याने गप्प बसावे.

त्या राज्यात हैबती म्हणोन एक बुरूड होता. सुपे, टोपल्या, कणग्या विणोन पोट भरी. बावीस वर्षांमागे थोरले महाराजांची चंपाकळी नामे हत्तीण पीलखान्यातून नाहीशी जाहली आणि प्यादे गावोगाव हिंडले आणि हैबतीचे अंगणात पाटलाचे धान्यासाठी विणलेली थोर कणगी उभी होती ती त्यांच्या नजरेस आली. मग न्यायाधीश शास्त्रीबोवा विचार करिते जाहले की, येवढी कणगी ज्याअर्थी रिकामी आहे त्याअर्थी तीत काही होते, आणि हत्तीण ज्याअर्थी कोठेच नाही त्याअर्थी तीतच होती. हैबती म्हणाला, "धनी, कणगीत हत्तीण मावत न्हाई." शास्त्रीबोवांनी पुसले, "मावत नाही हे तुला कसे ठाऊक? घालोन पाहिलीस वाटते?" हाच कबुलीजबाब धरोन त्यास गडावर कैदेत घातले आणि हैबती बुरूड हत्तीचोर ऐसी मुलखात डवंडी पिटविली. घरी बायको गोजरा पोटुशी होती.

मग बावीस वर्षे गेली. थोरले महाराज कैलासवासी जाहले, शास्त्रीबोवांचे दात गेले, निवाडा मात्र शाबूत राहिला. आणि वर लिहिले ज्येष्ठ मासी एके सकाळी चंपाकळी रानातून आपले पायी चालत आली, मागे एक पिलू, आणि पीलखान्यात जुने जागी उभी राहोन तिने गुळासाठी सोंड पुढे केली. तेव्हा कारभारी बहुत अडचणीत पडले आणि हैबतीस माफी द्यावी ऐसे ठरले. माफीचा शिरस्ता ऐसा की, दाती तृण धरावे आणि "केले, चुकलो" म्हणावे. हैबतीने तृण धरिले, चावले आणि म्हणाला, "गवत ग्वाड हाय. पण जे केलंच न्हाई ते केलं कसं म्हणू?" गडाचा हवालदार कळवळोन म्हणाला, "अरे मेल्या, दोन शब्द बोल आणि घरी जा!" हैबती म्हणाला, "बोलायचं असतं तर तवाच बोललो नसतो व्हय?" मग कैदेतून न निघण्याचा हट्ट हा नवा गुन्हा ठरला आणि शिक्षा म्हणोन त्यास कैदखान्यातून हद्दपार केले.

हैबती घरी आला आणि दारासमोर उभा राहिला. गोजरा आतून म्हणाली, "अवं, हुबं का?"

"दार कोण उघडणार?"

"ताटी हाय ती. ढकला की!"

ताट वाढले तरी हात लावीना, हुकुमाची वाट पाहत बसला. भात निवाला. मग गोजरेने हवालदाराचा आवाज काढोन "हैबत्या, गिळ!" ऐसी आरोळी दिली तेव्हा जेवला. दोघे हसली, आणि मग गोजरा चुलीकडे तोंड करोन बराच वेळ बसली.

त्यांची लेक बयना, बाप कैदेत असता जन्मली, तिने बापाचे तोंड पाहिले नव्हते. शेजारचे गावी दिली होती, पहिलटकरीण, दिवस भरत आले होते. पहिले बाळंतपण माहेरी आणि बाळ आजोळच्या सुपात निजवावे ऐशी चाल. परंतु तिची सासू ठकूबाई स्वतः येऊन सांगती जाहली, "राग मानू नका विहीणबाई. तुम्ही एकल्या होता तवर काय न्हाई म्हटलं नव्हतं. आता घरात चोर आला. डवंडी आम्ही या कानांनी ऐकलीय. ती माघारी फिरवा, मग लेक न्या. न्हाईतर सूपबी नको आणि बोलवणंबी नको."

हैबतीने हे कोपऱ्यातून ऐकिले. गडावर असता त्याचे घर त्यावाचोन चालत होते, आणि तो आला म्हणोन लेकीस माहेर तुटले, हे शल्य त्यास कैदेहून जड जाहले. मग तो उठोन राजधानीस गेला.

शास्त्रीबोवा म्हणाले, "डवंडी ही सरकारची जीभ. उलटे डवंडीचा शिरस्ता नाही. आणि निवाडा खरा आहे. हत्तीण कणगीतच होती, मागाहून निसटली. तेव्हा ती सडपातळ होती."

"तर मग मी दिव्य मागतो," हैबती म्हणाला. दिव्य मागितल्यास नाकारू नये हाही तेथील शिरस्ताच.

"तापले तेलात हात घालशील?"

"माझे हात बावीस वर्सं तुमच्यापाशीच व्हते. दिव्य निवाड्यानं करावं. कणगी मी आणतो, हत्ती तुम्ही घाला. थोरली नको, पिलू घाला."

धाकटे महाराज इतका वेळ जांभया देत होते ते ताठ बसले आणि म्हणाले, "मंजूर."

मग गोजरेने ओले बांबूची कणगी विणली. हैबतीची बोटे आखडली होती, तो नुसत्या कांबी सोलोन देता जाहला. नेमले दिवशी मैदानात कणगी आडवी ठेविली, पंचक्रोशी लोटली, आणि शास्त्रीबोवा धोतराचा सोगा खोवोन पिलास मागोन रेटू लागले. लोक ओरडले, "शास्त्रीबोवा, शेपटाकडून घाला!" "आधी तुम्ही शिरा, म्हणजे ते भिणार न्हाई!" पिलाने कणगीची एक कांब उपसली, चाखली, बरी लागली. दुसरी उपसली. मग चंपाकळी पुढे आली आणि मायलेकरांनी मिळोन कणगी बुडासकट फस्त केली.

महाराजांनी पुसले, "निवाडा कोठे गेला?"

माहूत हात जोडोन म्हणाला, "पोटात गेला, सरकार."

तेव्हा जे हसणे उठले ते मैदानात मावेना. उलटी डवंडी द्यावी की न द्यावी याचा खल कारभारी करीतच राहिले, आणि जमलेले लोक हसत हसत आपले गावी गेले आणि हैबतीने चोरी केली नाही हे दिवस मावळण्याआधी घरोघर माहीत जाहले. दुसरे दिवशी ठकूबाई आपण होऊन बयनेस बैलगाडीत घालोन घेऊन आली. म्हणाली, "उतरवून घ्या बाई लवकर. वाटंत कणगीचं आठवून हसली आन् कळा सुरू झाल्या."

नात जाहली. सूप कोणी विणावे यावरोन घरात वाद जाहला, तो हैबतीने जिंकिला. बाळ सुपात निजविले. बयना खाटेवरोन बापाकडे पाहत होती, तोवर त्याशी एक अक्षर बोलली नव्हती, ती म्हणाली, "बाबा, सूप तिरपं झालंय. पोर घसरतीय."

हैबतीने पाहिले. होते खरे. त्याने खालत्या बाजूस तळहात लाविला आणि सूप सरळ धरिले.

गोजरा म्हणाली, "खाली चिंधी सारा की."

"नगं," हैबती म्हणाला. "असू दे."

आणि बाळ निजेपर्यंत आणि निजल्यावरही तो तैसाच बसला.

येणेप्रमाणे हत्तीण सुखरूप, शास्त्रीबोवा तीर्थयात्रेस रवाना, आणि नात बारशाची जाहली. गेलेली वर्षे परत करण्याचा शिरस्ता त्या राज्यात अद्याप पडलेला नाही. कारभारी विचार करीत आहेत. येथे बोरू पुसोन ठेविला.