सरळ रेषेत शाळा

"नकाशावर पट्टी ठेव आणि मोज! आपल्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत तीनशे मीटरसुद्धा भरत नाहीत. टिलीचा प्रवेश झालाच म्हणून समज!"

क्लाइव्हने छाती फुगवून बायकोला, ग्वेंडाला, हे सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. हॅथरबीची नगरपालिका अंतर सरळ रेषेतच मोजायची, मग मध्ये कालवा येवो नाहीतर डोंगर. ज्याचं घर जवळ, त्याच्या पोराला जागा.

पण अर्ज भरला आणि टिलीच्या खोलीची भिंत ओलीने फुगली. गवंडी आठवड्यात काम करून देतो म्हणाला, भिंती खरवडल्या आणि जो गायब झाला तो झालाच! धुळीने टिलीला खोकला लागला. शेवटी ग्वेंडा लेकीला, तिच्या कपड्यांना, खेळण्यांना नि सायकलीला घेऊन आईकडे जाऊन राहिली.

अशात शेजारची हेस्टर कुंपणावरून म्हणाली, "ऐकलंस का? खोटे पत्ते पकडायला पालिकेची माणसं न सांगता घरी येतायत. मूल खरंच तिथे राहतं का, ते बघतात. टूथब्रशसुद्धा तपासतात म्हणे!"

क्लाइव्ह तडक घरात धावला. घरात टिलीचं एक बटणसुद्धा नव्हतं! त्याने फोन लावला.

"ग्वेंडा, आत्ताच्या आत्ता टिलीला घेऊन ये!"

"त्या धुळीत? वेडबिड लागलंय का तुला? आपण कुठे खोटं बोललोय? कोणी आलं तर खरं ते सांग."

"अगं, पण ऐकणाऱ्याला ते खरं वाटायला नको?"

"मला नको सांगूस! जागा गेली, तर रोज दोन बस बदलून पोरीला गावाबाहेरच्या शाळेत तू न्यायचंस."

त्या दिवसापासून दारात पोस्टमन दिसला तरी क्लाइव्हची पाचावर धारण बसायची. अखेर तो हेस्टरकडे गेला आणि तिच्या बार्नबीचं सामान उसनं मागितलं. बार्नबीचा अर्जही त्याच शाळेत होता. हेस्टर मोठ्या मनाची. "घे रे! तेवढाच माझा पसारा कमी," म्हणत तिने रेनकोट, गमबूट, खेळणी, डबा, सगळं क्लाइव्हच्या हातात कोंबलं.

दुसऱ्याच दिवशी दारात पालिकेच्या पिमबाई!

"या ना, चहा टाकू? टिली आत्ताच खेळायला गेली," क्लाइव्ह एका दमात बोलून गेला.

पिमबाईंनी चष्मा सावरून रेनकोटची कॉलर उलटली. आत नाव शिवलेलं: बार्नबी फेन. गमबुटात बार्नबी फेन. डब्यावर बार्नबी फेन. अस्वलाच्या तळपायावरसुद्धा बार्नबी फेन! मुलाच्या वस्तूंवर नाव घालायचं म्हणजे हेस्टरने काही म्हणून सोडलं नव्हतं.

"हा बार्नबी कोण?"

"टिलीचं... जुनं नाव!"

"अस्सं! आत्ताच मी शेजारून येतेय. त्यांनी बार्नबी फेनसाठी अर्ज केलाय आणि घरात त्याचा मोजासुद्धा नाही. बाईंना विचारलं, तर नुसत्या लाल झाल्या, तोंड उघडेनात. त्यांचा अर्ज बाद करतेय. तुमचाही."

क्लाइव्हने हातातली किटली खाली ठेवली. हेस्टर बिचारी आपल्यासाठी गप्प बसली! त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"बाई, त्या पोराची जागा काढू नका हो! तो शेजारीच राहतो. हे सगळं मी मागून आणलंय."

"आणि तुमची मुलगी?"

"आजीकडे. खोलीचं काम निघालंय."

"म्हणजे इथे नाही."

"नाही," क्लाइव्ह कसाबसा म्हणाला. झालं, आता दोन बस!

"खोली दाखवा."

वर उघड्या भिंती, धूळ आणि पिमबाईंच्या सटासट शिंका. नाक पुसता पुसता त्या दाराच्या चौकटीपाशी थबकल्या. चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. टिली एक वर्षाची, टिली दोन वर्षांची, तीन, चार. त्यांनी खालपासून वरपर्यंत बोट फिरवलं.

"हे तरी शेजाऱ्यांकडून आणलेलं नाही ना?"

"नाही हो!" क्लाइव्हला रडूच फुटलं.

एप्रिलमध्ये दोन्ही पोरांना जागा मिळाली आणि क्लाइव्हची छाती पुन्हा फुगली.

सप्टेंबरात, शाळेच्या पहिल्या दिवशी, तो टिलीचा हात धरून भर पावसात कालव्याच्या काठावर उभा होता. शाळेचं फाटक समोरच होतं, पलीकडच्या काठावर. पूल मात्र पार गिरणीच्या पुढे, तिथून पुन्हा तितकंच मागे. समोरून बदकांची रांग पोहत फाटकाकडे सरळ निघाली होती.

टिलीने त्यांच्याकडे बघितलं, मग वर बापाकडे.

"बाबा, अर्ज तू माझा भरलास की त्यांचा?"